संमेलनात बाबा राणी झाले

संपाच्या वर्षी मी सातवीत होते. बाबांची गिरणी बंद होती आणि डिलाईल रोडवरच्या आमच्या शाळेचं स्नेहसंमेलनही यंदा होणार नाही, अशी बातमी वर्गात पसरली. पण मोठ्या बाईंनी पालकांची सभा बोलावली.

"ही शाळा गिरणी कामगारांनीच चाळीतल्या एका खोलीत सुरू केली," त्या म्हणाल्या. "कसलीही वेळ आली तरी पोरांचा आनंद बंद पडू द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. यंदा मुलांबरोबर वडीलही स्टेजवर येतील."

सगळे बाप एकमेकांकडे बघू लागले. तेवढ्यात माझे बाबा उभे राहिले. "बाई, गावाक मी दशावतारात राणीचा काम करीत होतंय. चालात?"

"चालेल काय, धावेल!"

मग आमच्या खोलीत तालीम सुरू झाली. आईची हिरवी साडी आली, शेजारणीच्या बांगड्या आल्या. संमेलनाच्या दिवशी बाबा मिशी काढून, मान वेळावत स्टेजवर आले आणि अख्खं पटांगण शिट्ट्यांनी दणाणलं. मी बाकावर उभी राहून ओरडले, "ती राणी माझे बाबा आहेत!" आई तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. कित्येक महिन्यांनी ती अशी हसली.

गिरणी पुन्हा उघडलीच नाही. बाबा कॉटन ग्रीनच्या एका गोदामात कामाला लागले. पण पालकांचं नाटक शाळेत दरवर्षी होऊ लागलं, आणि मी शाळा सोडल्यावरही बाबा कामावरून थेट तालमीला जायचे.