आडनावाचं गाव

माझं आडनाव मी इथे लिहीत नाही. एका लहान गावाचं नाव आणि त्याला लागलेलं 'कर', एवढं सांगितलं तरी पुढचं कळेल. ते गाव यवतमाळच्या कळंब तालुक्यात आहे आणि आम्ही राहतो नेरजवळ. आम्ही मूळचे तिथले, असं मी लहानपणापासून ऐकत आले. नेरच्या बाजारात त्या बाजूचा कुणी भेटला की बाबा त्याला "आमचंच गाव ते" म्हणून चहा पाजायचे. ते स्वतः तिथे कधी राहिले नव्हते. पणजोबा तिकडून आले, आमच्या गावात त्यांनी शेत घेतलं, त्या वेळी आजोबा अगदी लहान होते, एवढंच घरात ठाऊक होतं.

एक गोष्ट मात्र वेगळी होती. आमच्या घरी कुणाचंही लग्न निघालं की पहिली पत्रिका आणि हळदीच्या अक्षता पांढरकवड्याच्या बाजूला एका खेड्यातल्या मारुतीपुढे नेऊन ठेवतात. ते ठेवल्याशिवाय दुसरी पत्रिका वाटत नाहीत. ताईच्या लग्नात काकांच्या मोटरसायकलवर मागे बसून मीच गेले होते. ऊन इतकं होतं की मी चिडून विचारलं, "आपलं गाव तर कळंबकडं आहे, मग इकडं कायले?" काका म्हणाले, "पहिल्यापासून तसंच हाये." मी अक्षता ठेवल्या, नमस्कार केला, रसवंतीवर रस प्यायले आणि विसरून गेले.

मागच्या वर्षी यवतमाळला फार्मसीला माझा नंबर लागला. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. जागा ओबीसीची होती. प्रवेशाच्या वेळी मी एका हमीपत्रावर सही केली की जात पडताळणीचं प्रमाणपत्र मुदतीत आणून देईन आणि दिलं नाही तर प्रवेश रद्द होईल. तेव्हा मी ते वाचलं, पण घाबरले नाही. आम्ही कुणबी आहोत हे अख्ख्या गावाला माहीत आहे, मग कागद मिळायला काय अडचण, असं वाटलं.

अडचण अशी की जातीचा पुरावा सदुसष्ट सालच्या आधीचा लागतो. बाबांचा शाळेचा दाखला त्यानंतरचा. आजोबा शाळेत गेलेच नाहीत, आणि मी चौथीत असताना ते वारले. पणजोबांच्या शेताचा जुना फेरफार होता, पण त्यात जात लिहिलेली नव्हती. होस्टेलवरची माझी रूममेट यवतमाळच्याच एका नोकरदार घरातली, म्हणजे तिचे वडील कचेरीत, आजोबाही कचेरीत. ती म्हणाली, "दादाची कास्ट व्हॅलिडिटी होती ना, त्यावरच माझी झाली. तुझ्याकडे कोणाचीच नाही?" तिने साधेपणानेच विचारलं होतं. मला मात्र तो प्रश्न पुढे कित्येक दिवस ऐकू येत राहिला. कोणाचीच नाही, कारण लागलीच नव्हती.

कॉलेजच्या सूचना फलकावर 'व्हॅलिडिटी बाकी' असलेल्यांची नावं लागली. ती कमी होत गेली. मी रोज त्या फलकासमोरून न बघता जायचे आणि मग परत येऊन बघायचे.

शेवटी बाबा आणि मी कळंबला गेलो. जुन्या खानेसुमारीच्या, म्हणजे जनगणनेच्या, घरवार याद्या तिथल्या रेकॉर्ड रूममध्ये आहेत असं कुणीतरी सांगितलं होतं. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या खानेसुमारीत गावोगावचं एकेक घर लिहून घेतलं होतं, घरात कोण, कुणाचं नातं काय, वय काय. पणजोबा त्या वेळी आडनावाच्या गावातच असले पाहिजेत असा आमचा हिशोब. यादीत घर सापडलं की मग त्याच गावच्या कोतवाल बुकात जन्माची नोंद शोधायची. जात तिथे मिळते.

बाबांना आधी चिंतामणी गणपतीच्या जमिनीखालच्या देवळात पायऱ्या उतरून जाऊन यायचं होतं. मी म्हटलं, "उशीर होईल, साहेब चहाला गेले तर?" ते म्हणाले, "त्याले भेटल्याबिगर कागद सापडन का?" मी बाहेरच थांबले आणि सारखी फोनमध्ये वेळ बघत राहिले.

रेकॉर्ड रूममधल्या बाबूंनी गावाचं नाव विचारलं, आडनाव विचारलं आणि थोडं हसले. "मॅडम, आडनावही तेच?" बाबा अभिमानाने म्हणाले, "हो, मूळचेच ना आम्ही तिथले." बाबूंनी कापडात बांधलेली यादी सोडली आणि पहिल्या घरापासून बोट फिरवत गेले. मी उलट्या बाजूने वाचत होते. गाव लहान होतं, यादी लवकर संपली. आमच्या आडनावाचं एकही घर नव्हतं. बाबा म्हणाले, "पुन्हा एकदा पाहा साहेब." त्यांनी पुन्हा पाहिलं. नव्हतं.

"गावातच जाऊ," बाबा म्हणाले. "भाऊबंद असतीन. कोनी ना कोनी सांगन."

आम्ही आडनावाच्या गावी जाणाऱ्या ऑटोत बसलो. गावात पारावर काही माणसं बसली होती. एकाने विचारलं, "कोणाकडं जायचं हाये भाऊ?"

बाबांनी आडनाव सांगितलं.

ती माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मग एक म्हातारा म्हणाला, "अहो, ते तं आमच्या गावाचंच नाव झालं. तसं पाह्यलं तं हा कुत्राही त्याच आडनावाचा."

सगळे हसले. बाबाही थोडे हसले. "त्या आडनावाचं घर कोणतं हाये?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"एकही नाई बाप्पा. नेरकडं हायेत म्हणते त्या आडनावाचे कोनी."

"आमीच ते," बाबा म्हणाले.

पुन्हा हसू आलं, पण या वेळी कमी. त्यांनी आम्हाला पाणी दिलं, चहाचाही आग्रह केला. बाबांनी नको म्हटलं. आयुष्यभर त्यांनी त्या गावच्या माणसांना चहा पाजला होता.

परतीच्या ऑटोसाठी आम्ही फाट्यावर थांबलो. बाबा रस्त्याकडे बघत होते. मी मनात काय काय मांडत होते ते लिहायला आता लाज वाटते. प्रवेश गेला तर फी परत मिळेल का, पुस्तकं कुणाला द्यायची, गावात गेल्यावर काय सांगायचं. आणि त्याहून वाईट म्हणजे, आपण कुणीतरी दुसरेच असू आणि बाबांना उगाच वाटत आलं असेल तर? आपल्याच वडिलांबद्दल असा संशय येणं मला सहन होत नव्हतं.

तेवढ्यात रूममेटचा फोन आला. ती जोरात बोलते. "ए नेर, आज येतेस ना? डबा ठेवू का तुझा?" मी हो म्हटलं आणि ठेवला.

बाबांनी ऐकलं होतं. "हे पोरगी तुले नेर काहून म्हणते?"

"आमच्या मजल्यावर एकाच नावाच्या दोघी आहोत, बाबा. दुसरी वणीची, मी नेरची. म्हणून तिला वणी म्हणतात, मला नेर."

"नेरात तं तुले कोनी नेर म्हणत नाई."

"तिथं कशाला म्हणतील? तिथं तर सगळेच..."

मी थांबले. बाबाही माझ्याकडे बघत होते. पारावरचा म्हातारा आत्ताच हेच बोलला होता. आम्ही हसण्यावारी नेलं होतं, कारण आम्हाला दुखलं होतं. आडनावाच्या गावात आमच्या आडनावाचं घर असणारच नव्हतं. ते गाव सोडून आल्यावरच लोकांनी ते नाव आम्हाला दिलं. तिथे राहत असताना आम्हाला वेगळंच काहीतरी म्हणत असणार.

"मग इथं माझ्या आज्याले काय म्हणत असन?" बाबांनी हळूच विचारलं.

त्यांचा आजा म्हणजे माझे पणजोबा. रस्त्यावरून कापसाचा एक ट्रक गेला, त्याची धूळ बसेपर्यंत आम्ही तोंडावर रुमाल धरून उभे होतो. मग ते म्हणाले, "ताईच्या लग्नाची अक्षत तू कुठी घेऊन गेलती व?"

दुसऱ्या वेळी कळंबला गेलो तेव्हा बाबांनी चिंतामणीचं नाव काढलं नाही. मीच म्हटलं, जाऊन या. या वेळी मला आत जायची भीती जास्त वाटत होती. एकदा एक आडनाव सांगून गेलेली मुलगी आता दुसरं घेऊन आली, हे कसं दिसेल?

तसंच दिसलं. बाबू म्हणाले, "मॅडम, आडनावं बदलून बदलून पाहता काय?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, पण माझे कान तापले. मी अडखळत अक्षतेचं सगळं सांगितलं. ते त्यांना किती पटलं माहीत नाही. त्यांनी तीच यादी पुन्हा सोडली.

अक्षतेच्या गावाचं नाव आणि पुढे 'कर', असं एकच घर होतं. यादीच्या जवळपास मध्यावर. पहिल्या वेळी माझी नजर त्यावरून गेलेलीच असणार. घरात पणजोबांचे वडील, पणजोबा, पणजी. नावं घरात सांगतात तीच. शेवटी एक ओळ, 'नातू', आणि वयाच्या रकान्यात वर्षाच्या आतलं असल्याची खूण.

"हे लहान लेकरू कोण?" बाबूंनी विचारलं.

बाबांनी वाकून नाव वाचलं. त्यांना वाचायला वेळ लागतो. वाचून झाल्यावरही ते वाकलेलेच राहिले. "हे माझे बाबा हायेत," ते म्हणाले. आजोबा आम्हाला काठी टेकत चालतानाच आठवतात. बाबांनी त्या ओळीला हात लावला नाही, टेबलाच्या कडेवर ठेवला.

मी मात्र तेव्हाही पुढचंच बघत होते. कोतवाल बुकात त्याच आडनावाखाली आजोबांचा जन्म सापडला, जातीचा रकाना भरलेला होता. दोन्हीच्या नकला मिळाल्या. पण आता एक नवीनच काळजी लागली. इथलं आडनाव वेगळं, माझं वेगळं. दोघं एकच, हे कोण मानणार? फेरफारात पणजोबांचं आणि त्यांच्या वडिलांचं नाव होतं, राहणार म्हणून आडनावाच्या गावाचं नाव होतं आणि आडनाव आमचं आजचं. तेवढा एक सांधा होता.

जात पडताळणी समितीकडून सुनावणीचं पत्र आलं. काकांनी मला बसवून शिकवलं. "अडखळायचं नाई. खरं आडनाव कोणतं म्हणून विचारलं तं जुनं ठासून सांगायचं. मूळ आमचं हेच, बदललं नंतर. बस." मी ते वाक्य बसमध्ये पाठ करत गेले.

आत गेल्यावर साहेबांनी कागद उलटेपालटे करून पाहिले. मग नेमकं तेच विचारलं. "यादीत एक आडनाव, फेरफारात दुसरं. खरं कोणतं?"

मी तोंड उघडलं, पण पाठ केलेलं बाहेर येईना. कारण ते खरं नव्हतं. मी म्हटलं, "सर, मला माहीत नाही."

बाजूला बसलेल्या बाबांची खुर्ची वाजली.

"म्हणजे?"

"यादीतलं आडनाव पण एका गावाचंच आहे. त्या गावातही आम्हाला त्या नावाने कोणी म्हणत नसेल. तिथे आणखी काहीतरी असेल. आम्ही जे गाव सोडलं, त्याचं नाव पुढच्या गावात लागत गेलं. माणसं तीच आहेत, सर."

साहेबांनी बाबांना विचारलं, "हे दुसऱ्या गावाचं तुम्हाला कुठून कळलं?"

"लग्नाची पहिली अक्षत तिथं ठेवतो साहेब. पहिल्यापासून." बाबांनी काकांचंच वाक्य सांगितलं. त्याहून जास्त त्यांनाही ठाऊक नव्हतं.

साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं. चेहऱ्यावरून काही कळलं नाही. "बरं, या," म्हणाले. बाहेर आल्यावर बाबा एवढंच बोलले, "काकाले नको सांगू."

त्यानंतरचे दिवस मी नीट जगलेच नाही. प्रॅक्टिकलला माझ्या हातून बीकर फुटला. फलकावर आता मोजकीच नावं उरली होती. फोनवर मेसेज वाजला की मी तो उघडायच्या आधी कुठेतरी बसून घ्यायचे.

प्रमाणपत्र आलं तेव्हा मी मेसच्या रांगेत होते. उघडून आधी नाव वाचलं, मग आडनाव, मग पुन्हा पहिल्यापासून, कुठे काही चुकलं असेल या भीतीने. काही चुकलं नव्हतं. बाबांना फोन केला. ते शेतात होते. "झालं का?" एवढंच त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या ऑफिसात मी कागद दिला, बाईंनी शिक्का मारला आणि म्हणाल्या, "पुढची."

यंदा चुलतभावाचं लग्न निघालं. अक्षता घेऊन बाबा आणि मी गेलो. मारुतीपुढे पत्रिका ठेवली. देवळाच्या ओट्यावर एक गृहस्थ तूर निवडत बसले होते. त्यांनी विचारलं, "कुठले बाप्पा तुम्ही?"

इथे आमचं नाव काय होतं ते त्यांना विचारावं, असं मला फार वाटलं. विचारलं आणि त्यांनी भलतंच काही सांगितलं तर, असंही वाटलं. मी बाबांकडे बघितलं. पूर्वीचे बाबा लगेच "आमचंच गाव" म्हणाले असते.

"नेरजवळचे," बाबा म्हणाले.

प्रमाणपत्राची झेरॉक्स माझ्या पर्समध्ये होती. ती मी अजूनही सोबत ठेवते. तिथे ती कुणी मागितली नाही.