पेमाकाकाचा लिंब

मी नेमसिंग. सेनगाव तालुक्यात आमच्या तांड्यावर आन् आसपासच्या गावांत टीव्हीच्या छत्र्या बसवतो. ज्या उपग्रहावरून आमच्याकडं चॅनल यायचे, तो ज्या साली वर गेला, त्याच साली मी पहिली छत्री बसवली. त्याला पंधरा वर्षं झाली. तो पृथ्वीसंगं बराबर तेवढ्याच चालीनं फिरतो, म्हणून खालून एकाच जागी उभा असतो. दिसला कधीच न्हाई, पण डोळे झाकून त्याच्याकडं बोट दाखवायचो मी. लई माज होता मला त्याचा.

यंदा चैतात पेमाकाकाचा टीव्ही बंद पडला. काकाची बायको शकुंतलाबाई अर्धांगानं तीन सालं खाटेवर पडून. दिवसभर टीव्ही हीच तिची सोबत. मी पत्र्यावर चढलो. आमचं काम असं, की वरून छत्री सूतभर हलवायची आन् ओरडायचं, "आलं का?" काका आतून न्हाई म्हणायचे. दोन घंटे हेच. ऊन टाळूवर, माझं डोकं फिरलेलं. समोर अंगणातला लिंब नव्या पाल्यानं गच्च झाला होता. पत्र्याच्या घरात दुपारी जीव ऱ्हात न्हाई, म्हणून काका उन्हाळाभर त्याच्याखालीच बाज टाकायचे.

मी ठोकून दिलं, लिंब आडवा येऊन राहिला. काका झाडाकडं बघत राहिले. मग एवढंच म्हणाले, "पक्कं ना?"

"पंधरा वर्षं झाली काका, हेच करून राहिलो."

कुऱ्हाड त्यांनी स्वतः चालवली. सांजच्याला लिंब पडला, तरी टीव्ही कोराच. तेवढ्यात खालच्या आळीतून फोन आला, तिथंबी बंद. तिथं तर झाडच न्हाई. मोबाईल उघडला, तर आठ दिवसांपासून कंपनीचा मेसेज पडून होता. उपग्रहाला जागेवर धरून ठेवणारं इंधन संपत आलं होतं. त्याला आणखी वर ढकलून कायमचा बंद करणार, आन् त्याच दिवसापासून चॅनल दुसऱ्या उपग्रहावर जाणार होते. मी छत्री चार बोटं फिरवली. चित्र आलं. शकुंतलाबाई हसली. काका म्हणाले, बघ, लिंबच आडवा होता. आन् मी निलाजऱ्यानं त्यांच्या घरचा चहा पिलो.

पुढं महिनाभर काका तांड्यावर माझं कौतुक सांगत फिरले. मी त्यांना पाहिलं की रस्ता बदलायचो. एका दिवशी तांड्यावरच्याच देवलानं बोलावलं. त्याचं चित्र अडकत होतं. जाऊन बघतो, तर देवला कुऱ्हाड घेऊन दारातल्या चिंचेखाली उभा, संगं काका. नेमसिंग सांगंल ते तोड, असं काकाच त्याला सांगत होते.

तोंड दाखवायला जागा उरली न्हाई. खाली बघत म्हणालो, "देवला, चिंचेला हात लावू नको. काका, तुमचा लिंब आडवा नव्हता. मी मेसेज वाचला नव्हता. खोटं बोललो."

त्यांनी शिवी द्यायला पाहिजे होती. ते वळून घरी गेले. मी मागं मागं. अंगणात बाज उन्हात पडली होती. ते ती भिंतीच्या वीतभर सावलीकडं ओढू लागले. मी धावत जाऊन दुसरी बाजू धरली.

"राहू दे," ते म्हणाले.