वढ

नदीत उतरण्याआधी काका तिला एक थोबाडीत मारायचे.

गुडघाभर पाण्यात जायचं, उजवा हात खांद्यामागे न्यायचा आणि उघड्या पंजाने पाण्यावर सटकन. आवाज पलीकडच्या कड्यावर आपटून परत यायचा. मग सर्फिंगचा बोर्ड काखेत मारून रांगेत उभे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस चिडलाय. चिडलेले ते बहुतेक वेळा असायचेच, पण या थपडेचं कारण वेगळं होतं.

"ओळख द्यायची," ते म्हणाले. "न्हाईतर ती आपल्याला पाहुणा समजती. आणि पाहुण्याला ती लई मारती."

"ओळखीच्यांना मारत नाही?"

"मारती की. पण बेतानं."

त्यांच्या नाकाचं हाड दोनदा मोडलेलं होतं. त्यावरून बेत म्हणजे किती, याचा तुम्हीही अंदाज करा.

आमचं गाव कॅनडाच्या रॉकी पर्वतातलं. एक मोठा रस्ता, चार हॉटेलं, पूल आणि पुलाखालून जाणारी नदी. पुलाच्या पुढे तळातल्या खडकांमुळे एक लाट उठते. समुद्राची लाट येते आणि जाते. ही जात नाही. पाणी तिच्यातून धावत राहतं आणि ती जागच्या जागी, जबडा उघडून उभी असते. तिच्यावर बोर्ड घेऊन उभं राहायचं, याला इथे रिव्हर सर्फिंग म्हणतात. तोंड प्रवाहाकडे. कितीही वेळ सर्फ केलं तरी माणूस पुढे जात नाही. पडला की मात्र खूप पुढे जातो.

काका आमच्या हॉटेलात बॉयलर, पंप आणि पाइप सांभाळायचे. मी किनाऱ्याकडच्या बर्नाबी शहरातल्या कॉलेजातून शिकून, वर्क परमिटवर, फ्रंट डेस्कला. मी मराठी आहे हे त्यांना मी अकरा दिवस कळू दिलं नव्हतं. माणसं ओळख निघाली की प्रश्न विचारतात, म्हणून मी जपून असते. बेसमेंटमधून त्यांचा आवाज यायचा. ते पंपाला सांगलीच्या भाषेत शिव्या देत असायचे आणि मी वर चेहरा कोरा ठेवून पाहुण्यांना चाव्या देत असायचे. बाराव्या दिवशी त्यांनी पंपाच्या सासऱ्यालाही त्यात ओढलं आणि मला हसू आलं.

"मराठी हायस!" ते जिन्यातूनच ओरडले. "अकरा दिवस ऐकून घेतलंस व्हय गं?"

गावातले सगळे त्यांना काकाच म्हणायचे, अगदी गोरेसुद्धा. तेच त्यांचं नाव आहे असा सगळ्यांचा समज होता. फक्त आमच्या किचनमधला मॉन्ट्रियलचा कुक, लुक, त्यांना हाक मारताना लाल व्हायचा. फ्रेंचमध्ये हा शब्द लहान मुलं शी-ला वापरतात. काकांना ते कळलं तेव्हा ते इतके हसले की पाना हातातून पडला. "बरोबर हाय," म्हणाले, "कामच तसलं करतो मी. तुंबलेलं काढतो."

ते पन्नाशीचे होते. तरुणपणी सांगलीला कृष्णेच्या पुरात पुलावरून उड्या मारलेल्या. पोहायला शिकले ते पाठीला पत्र्याचा डबा बांधून. लाइफ जॅकेटला ते डबाच म्हणायचे. "डबा घातलास का?" "डबा घट्ट कर." रांगेतले कॅनेडियनही मग ‘डब्बा’ म्हणू लागले.

नदी मारते म्हणजे काय, हे मी पहिल्या उन्हाळ्यात पाहिलं. बोर्ड मधोमध तुटून दोन बाजूंना जाताना पाहिले. एकाचा दात बोर्डात रुतलेला पाहिला. एके दुपारी वरून एक एल्क आलं. हरणाचीच जात, पण घोड्याएवढं. बर्फाच्या पाण्यात कुठेतरी वर बुडालेलं. लाटेत शिरलं आणि बाहेरच येईना. लाट त्याला उलटंपालटं करत राहिली. पाय वर, मग शिंगं वर, मग पुन्हा पाय. शिंगं खडकावर आपटल्याचा आवाज काठापर्यंत येत होता. बारा-चौदा माणसं बोर्ड घेऊन बघत उभी होती. काकांनी डोक्यावरचं हेल्मेट काढून हातात धरलं. शेवटी एल्क सुटून वाहून गेल्यावर त्यांनी हेल्मेट पुन्हा घातलं, पाण्यात उतरले आणि नदीला त्या दिवशी दोन थोबाडीत दिल्या.

ते स्वतः काही कमी मारकुटे नव्हते. रांगेचा नियम एकच, एक पडला की पुढचा. शहरातून आलेला एक दांडगा तरुण रांग मोडून मध्येच घुसला. लाटेवर आमची शाळेतली बाई होती. याच्या बोर्डाचं टोक तिच्या तोंडावर बसलं, ओठ फाटला, दोघं वाहत गेली. तिला लुकने काढलं. काका काठाकाठाने धावत गेले, त्या दांडग्याला जॅकेटच्या पट्ट्याला धरून बाहेर खेचलं, गोट्यांवर बसवलं, श्वास घेऊ दिला आणि मग त्याच्या कानाखाली वाजवली. त्यालाही रक्त आलं.

"वाचवलंत कशाला मग?" मी नंतर विचारलं.

"मारायचं तर आदी भाईर काढायला लागतंय की."

रांगेने त्यांना आठवडाभर नदीबंदी केली. ही शिक्षा त्यांनी बिनतक्रार भोगली. रोज संध्याकाळी शिफ्ट संपली की पुलावर येऊन कठड्याला हात टेकून उभे राहायचे आणि वरून सगळ्यांच्या चुका ओरडून सांगायचे. तिसऱ्या दिवशी शाळेतली बाई ओठाला टाके घेऊन आली आणि त्यांच्याशेजारी कॉफी ठेवून गेली.

मला पाण्यात त्यांनीच ढकललं. हेही मी शब्दशः लिहिते आहे. मी तिसऱ्यांदा ‘उद्या बघू’ म्हटलं आणि पाठीवर पंजा बसला. पाण्याखाली वर आणि खाली असं काही नसतं. कुणीतरी केसांना धरून पायऱ्यांवरून फरफटत नेतंय, असं वाटतं, आणि पायऱ्या संपत नाहीत. खालच्या शांत पाण्यात त्यांनी मला काढलं तेव्हा मी ओकत होते.

"झाली ओळख," ते म्हणाले.

मी दोन महिन्यांत लाटेवर मोजून चार सेकंद उभी राहिले. पण दोर चांगला फेकते, हे त्यांनी हेरलं. पिशवीत गुंडाळलेला पंधरा मीटरचा दोर. काठावरून फेकायचा, वाहत जाणाऱ्याने तो धरायचा, आणि धरला की ओरडायचं.

"काय ओरडायचं?"

"वढ!"

"ओढ?"

"वढ."

"ओढ म्हणायचंय ना तुम्हाला?"

"नदीत बुडताना शुद्धलेखन करायचं व्हय? वढ म्हंजे वढ."

त्या दिवसापासून मी शुद्धलेखन झाले. गंमत अशी की मी पुण्याच्या इंग्रजी शाळेतली. तिथे वर्गात मराठी बोललं की उभं करायचे. माझ्या मराठीच्या वह्या लाल शाईने भरलेल्या असायच्या. जन्मात पहिल्यांदा कुणी मला शुद्ध म्हणत होतं, तेही टोमणा म्हणून. "ए शुद्धलेखन, तोंड उघडून बोल. देवळात हायस का?" पाण्याच्या गर्जनेत माझा आवाज कुणालाच ऐकू यायचा नाही.

‘वढ’ मात्र सगळ्यांनी उचलला. लुक, शाळेतली बाई, सगळे पडले की ‘वढ’ ओरडायचे. लुकच्या तोंडी तो ‘वाद’सारखा व्हायचा. काकांचा दोराचा नियमही सगळ्यांना पाठ होता. पाण्यातला बोलणार, काठावरच्याने ऐकायचं. "काठावरच्याला अक्कल नसती. कारण तो कोरडा असतो."

दुसऱ्या वर्षी जूनमध्ये आठवडाभर कडक ऊन पडलं आणि डोंगरावरचा बर्फ एकदम सुटला. पाणी करडं झालं, लाट माणसाच्या उंचीची. काही जण नुसतं बघून परत गेले. काकांनी थोबाडीत दिली आणि उतरले. दोर माझ्याकडे होता.

तिसऱ्या वेळी ते पडले. लाटेच्या थोडं पुढे पाण्याखाली एक झाड अडकून बसलं होतं, ते कुणालाच दिसलं नव्हतं. बोर्ड माणसापासून सुटू नये म्हणून कमरेला एक पट्टा असतो, त्याला लीश म्हणतात. बोर्ड झाडाच्या एका बाजूने गेला, काका दुसऱ्या बाजूने, आणि लीश खोडावर ताणली गेली. सगळी नदी त्यांच्या खांद्यांवरून कोसळत होती. डोकं दिसायचं, जायचं, पुन्हा दिसायचं. लीशला कमरेपाशी एक गोळा असतो. तो खेचला की पट्टा सुटतो. एक हात मोकळा हवा, इतकंच.

मी दोर फेकला. तो अचूक त्यांच्या उजव्या हातावर गेला. मला अजूनही त्या फेकीचा अभिमान वाटतो आणि लाजही. त्यांनी दोर दोन्ही हातांनी धरला, पाण्याने त्याचे दोन वेढे त्यांच्या मनगटांभोवती मारले आणि गाठ आवळली गेली. त्यांचं तोंड पाण्यावर आलं.

"—ओड!"

मी ओढलं. टाचा गोट्यांत रोवल्या आणि जीव खाऊन ओढलं. एका बाजूने झाड त्यांना धरून होतं, दुसऱ्या बाजूने मी. त्यांचा उजवा हात खांद्यातून सरळ माझ्याकडे ताणलेला मला दिसत होता. त्यांचं डोकं पाण्याखाली गेलं. वर आलं.

"—ओड!"

"ओढते, काका!" मी ओरडले. माझा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा नदीच्या वर गेला. मी आणखी जोर लावला. दोरातून एक झटका आला. काहीतरी निखळल्याचा. मला वाटलं, सुटले.

तेवढ्यात लुकने मला धक्का देऊन पाडलं, माझ्या हातातला दोर हिसकावला आणि चक्क पाण्यात सोडून दिला.

मी त्याच्या पोटरीला चावले. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला वाटलं, तो त्यांना मारतोय.

दोर सैल पडला. काकांचा उजवा हात नुसता पाण्यावर लोंबत होता, पण मनगटांवरची गाठ ढिली झाल्यावर त्यांनी डावा हात त्यातून काढून कमरेकडे नेला. दोराच्या ताणाने तोही उजव्याबरोबर बांधला गेला होता. गोळा खेचला. नदीने त्यांना उचलून खाली नेलं आणि वळणावर तिघांनी बाहेर काढलं. चेहरा निळा, ओठ रक्ताळलेले, डोळे उघडे.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये लुक माझ्याशेजारी बसला होता. पँटचा पाय वर करून तो चाव्याची खूण बघत होता. रागावला नव्हता.

"तुला कसं कळलं?" मी विचारलं. "तुला तर मराठी येत नाही."

"मला एकच शब्द येतो," तो म्हणाला. "तो त्याने म्हटला नाही."

काकांनी जन्मात कधी ‘ओढ’ म्हटलं नव्हतं. ते ‘वढ’ म्हणायचे. पाण्याने पहिलं अक्षर गिळलं, उरलेल्यातून मी माझा पुणेरी शब्द तयार केला आणि त्याच्या जोरावर त्यांचा खांदा उपटला. ते म्हणत होते, सोड. ज्याला मराठी येत नव्हतं त्याला कळलं. मला जास्त येत होतं.

खांदा बसवला, पण आतल्या नसा ताणून तुटल्या होत्या. उजवा हात कोपरापासून हलायचा, खांद्यातून उठायचा नाही. डॉक्टर म्हणाले, असं फक्त खूप जोराने खेचल्यावर होतं. मी खोलीतच होते. काका खिडकीबाहेर बघत होते.

पाना एका हाताने फिरवता येत नाही. बर्नाबीला त्यांची मुलगी राहते, तिने घरी बोलावलं. दीड महिना मी रोज त्यांना डबा नेला, खरा जेवणाचा, आणि रोज विचारायचं ठरवून न विचारता परत आले. शेवटी बसच्या थांब्यावर, बॅग गाडीच्या पोटात गेल्यावर, मी तोंड उघडलं.

"काका, तुम्ही त्या दिवशी ‘सोड’ म्हणत होता ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ जरा पुढे काढून, शाळेत फळ्यासमोर उभं केलेल्या मुलासारखे, सावकाश म्हणाले,

"ओढ. मी ‘ओढ’ म्हणालो होतो."

व नाही. हेल नाही. ‘म्हणालो’सुद्धा अगदी पुस्तकातलं. बेसमेंटमध्ये, नदीवर, हॉस्पिटलमध्ये, मी त्यांच्या तोंडून असं मराठी कधी ऐकलं नव्हतं. किती दिवस म्हणून बघितलं असेल त्यांनी, कोण जाणे.

"बरोबर हाय का, शुद्धलेखन?" त्यांनी विचारलं.

"बरोबर आहे," मी म्हटलं.

त्यांनी डाव्या हाताने बसच्या पत्र्यावर एक सणसणीत ठेवून दिली. ड्रायव्हर दचकला. मग ते चढले.

ते परत आले नाहीत. लाटेवर ‘वढ’ अजून चालतो. नवीन येणाऱ्यांना वाटतं तो सर्फिंगमधलाच शब्द आहे, आणि कुणी त्यांना वेगळं सांगत नाही. अजूनही बहुतेक दिवस दोर माझ्याच हातात असतो. पाण्यातला माणूस ओरडतो, काठावरचे सगळे मला ओढ म्हणून इंग्रजीत ओरडतात. मी दोर सैल धरून उभी राहते.

वढ ऐकू आल्याशिवाय मी ओढत नाही.