नानांची अकरा लिटरची आंघोळ

एकोणीस एप्रिल, सकाळचे सहा वाजून बारा मिनिटे. ही वेळ मी वहीत टिपली, तेव्हा शॉवरखाली उभा राहणारा जगातला सर्वांत काटकसरी माणूस माझ्यापासून एका बंद दाराइतका दूर होता आणि त्याची आंघोळ नुकतीच सुरू झाली होती. धुळ्यातल्या माझ्या घरमालकांविषयी, म्हणजे नानांविषयी, हे विधान मी पुराव्यानिशी करते आहे. पुरावा म्हणजे माझ्याच अक्षरातली दोनशे पानी वही.

नानांनी तीस वर्षे जळगावकडच्या केळीच्या बागांत ठिबकच्या नळ्या अंथरल्या होत्या. निवृत्तीनंतर ती सारी विद्या त्यांनी घरच्या न्हाणीघरात उतरवली. पाणी मुळाशी द्यावे, वाऱ्याला देऊ नये, या तत्त्वाने त्यांनी शॉवर खांद्याच्या उंचीवर आणला, त्याची निम्मी छिद्रे बुजवली आणि नळीवर शेतातले जुने मीटर बसवले. गीझरचे गरम पाणी येईपर्यंत वाहणारे थंड पाणी कूलरमध्ये जाई, आणि गीझर आंघोळीच्या आधीच बंद होई. नळीत उरलेली ऊब त्यांच्या मते फुकट मिळालेली वीज होती. आठवड्यातून एकदा नळ येणाऱ्या गल्लीत याला कोणी वेड म्हणत नसे. जावई मात्र म्हणत. एकदा ते शॉवरखाली गाणे म्हणत रमले असता नानांनी दारावर थाप मारून बजावले होते, "जावाईबापू, दोन केळीसनं पानी व्हयनं! आते गानं बाहेर येईसन म्हना!" केळीचे एक झाड म्हणजे वीस लिटर, हे नानांचे माप होते आणि माणसाला ते त्याच मापाने मोजत.

महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायला आले आहे, असे सांगत मी खोली पाहायला गेले, तेव्हा त्यांनी गाव विचारले नाही की पगार विचारला नाही. विचारले ते एवढेच, "आंघोळीले किती पानी लागस?"

"कधी मोजलं नाही, नाना."

"आनि सायन्सवाली शे तू?"

हा घाव वर्मी लागला. दुसऱ्या दिवशी मी माझ्या खोलीतल्या शॉवरखाली बादली ठेवली, घड्याळ लावले आणि मिनिटाला नऊ लिटर हा दर काढला. माझी आंघोळ सात मिनिटांची. त्रेसष्ट लिटर हा आकडा ऐकून नाना खुर्चीत बसले. "तीन केळी," ते हळूच म्हणाले, "आनि फळ काहीच नहीं!"

तेव्हापासून वही सुरू झाली. नानांच्या आंघोळीला दोन पाळ्या असत. झडप उघडल्याचा पहिला 'टक' अंग भिजवण्यासाठी. मग पाणी बंद करून दोन मिनिटे साबण. मग दुसरा 'टक' अंग धुण्यासाठी. माझी खोली भिंतीपलीकडेच असल्याने मला घड्याळाची गरज उरली नव्हती. बाहेर येताच नाना मीटरचा आकडा सांगत, मी तो लिहीत असे. वीसवरून सोळा, सोळावरून अकरा. अकरावर मात्र आमचा आलेख अडला. दहाच्या आत जाण्याची ईर्षा त्यांच्याइतकीच मलाही होती. एके दिवशी आलेखाकडे पाहत मी विद्वत्तापूर्ण निष्कर्ष काढला, "नाना, आता चूक पाण्याची नाही, हाताची आहे. झडप यंत्राच्या स्वाधीन करा."

अठरा एप्रिलला नानांनी शेतातला, पाणी आपोआप सोडणारा आणि थांबवणारा जुना टायमर न्हाणीघराच्या बाहेरच्या भिंतीवर बसवला, आतली झडप काढली आणि मोह नको म्हणून बादलीही हलवली. नानांच्या पत्नी अक्का त्याच दिवशी लेकीकडे शिरपूरला गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "पोरी, म्हातारावर ध्यान ठेवजो वं."

दुसऱ्या दिवशी सहा बाराला पहिला टक झाला. दुसरा झाला नाही. दोन मिनिटे गेली, चार गेली, सात गेली. मी दार वाजवले, हाका मारल्या, उत्तर नाही. एकोणसत्तर वर्षांचे वय, ओली फरशी, साबण, आणि झडप यंत्राच्या स्वाधीन करण्याचा माझा सल्ला: हे चार घटक मनात एकत्र येताच मी धावत सुटले. खिडकीतून पाहावे म्हणून मी बाहेरून वळसा घेतला, तर समोर टायमर. पुढची पाळी: बारा तासांनी, संध्याकाळी सहा बाराला. नानांनी केळीच्या बागेचे वेळापत्रक पुसलेच नव्हते! मी टायमरची हाताने चालवायची चावी फिरवली. पाणी धो धो कोसळले आणि आतून, माझ्या आयुष्यात ऐकलेला सर्वांत गोड, संतापलेला आवाज आला, "कोन शे? बंद कर वं! बठ्ठं पानी वाया जाई ऱ्हायनं!"

मी चावीवरचा हात काढून घेतला. पाणी बंद केले नाही. नानांचा हुकूम मी मोडला तो तेव्हा पहिल्यांदाच.

नाना बाहेर आले, ते कानामागे वाळलेला फेस घेऊन. कानातले यंत्र त्यांनी आंघोळीपूर्वी काढून ठेवले होते, त्यामुळे माझी हाक पोचलीच नव्हती.

"पण तुम्ही का नाही हाक मारली?" मी जवळजवळ ओरडले.

"भाडेकरू पोरीले न्हानीमाईन हाक मारू? लाज वाटस ना माय." मग कानामागचा फेस पुसत म्हणाले, "वाट दखी ऱ्हायंतू. केळी बी बारा तास थांबस."

बादली परतली, हाताची झडप परतली, आणि साबण लावताना नाना नळीवर पाण्याचा मग वाजवू लागले: टणटण, म्हणजे मी उभा आहे.

आता मी संशोधनासाठी पुण्यात असते. साबण लावताना अजूनही पाणी बंद करते, आणि त्या शांततेत भिंतीपलीकडून टणटण ऐकू येईल असे उगाच वाटत राहते. दर रविवारी नाना फोनवर विजयाने ओरडतात, "अकरा!" मी ऐकते, लिहीत मात्र नाही. त्या सकाळनंतर वहीत मी काहीच लिहिले नाही. तिच्यातली शेवटची ओळ, नानांच्या कारकिर्दीतली सर्वांत लाजिरवाणी आणि मला सर्वांत प्रिय अशी: एकोणीस एप्रिल, चौतीस लिटर.