जुनं माप ठेवायचं नाही

फाइलवाल्या ताईंची खोली लॉन्ड्रीच्या वरच्या मजल्यावर आहे. खाली कपडे वाळवायची यंत्रं सुरू झाली की वर टेबल थरथरतं, आणि ताई चहाच्या कपावर बशी झाकतात. बिघडलेल्या कॉम्प्युटरमधून हरवलेली माहिती बाहेर काढणं हा त्यांचा धंदा. त्याआधी वीस वर्षं त्या टेलिफोन डिरेक्टरीची प्रुफं तपासत. डिरेक्टरी छापायची बंद झाली. परक्यांच्या याद्या वाचायची खोड मात्र राहिली.

आलेल्या माणसाला त्या तीन प्रश्न विचारतात. शेवटचं काय केलंत? त्यानंतर कोणी हात लावला? आणि बॅकअप कुठे आहे? तिसरा प्रश्न विचारताना त्या समोरच्याकडे बघत नाहीत. हा सभ्यपणाचा भाग आहे.

त्या मंगळवारी बूट शिवणारे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. एक पाय आखूड, बोटं गेलेली, टाच वळलेली, अशा लोकांसाठी ते बूट बनवत. हजारावर गिऱ्हाइकांची मापं दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये होती आणि आता ती फाइल उघडत नव्हती.

"बॅकअप आहे," मुलगी म्हणाली. "दर शुक्रवारी घेते. सात वर्षांत एक शुक्रवार चुकवला नाही."

ताईंनी चक्क मान वर केली. "म्हणजे ढीगभर प्रती असतील?"

"एकच, या पेन ड्राइव्हवर. नवी घ्यायच्या आधी जुनी पुसते."

"का?"

पायात बूट का घालतात असं कोणी विचारावं, तसं बापलेकींनी एकमेकांकडे पाहिलं.

"जुनं माप ठेवायचं नाही, बाई," बूटवाले म्हणाले. "पाय बदलतो. जुना कागद राहिला की कधीतरी त्यावरच कातडं कापलं जातं आणि माणूस वर्षभर लंगडतो. नवं माप घेतलं की आमच्याकडे जुनं फाडतात. गिऱ्हाइकादेखत."

फाइल मागच्या बुधवारी वीज गेली तेव्हा बिघडली होती. शुक्रवारी मुलीनं नेमानं चांगली प्रत पुसली आणि बिघडलेली तिच्या जागी ठेवली.

"मग परत घ्या मापं," ताई म्हणाल्या.

बूटवाल्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. खाली यंत्रं बंद होती, तरी कप वाजला. "एका माणसाला दीड तास लागतो. या हातांनी आता टेप धरवत नाही. जागेचा करार शनिवारी संपतोय. मापं मिळाली तर सही करतो, नाहीतर कुलूप."

ताईंनी आधी पेन ड्राइव्हची हुबेहूब नक्कल काढली आणि मूळ ड्राइव्ह खणात ठेवून दिला. मूळ वस्तूला त्या हात लावत नाहीत. मग त्या नकलेत शिरल्या. कॉम्प्युटर पुसतो म्हणजे काय करतो, तर 'जागा रिकामी आहे' अशी पाटी लावतो. सामान आत तसंच पडून असतं, नवा भाडेकरू येईपर्यंत. आणि नवा भाडेकरू काही दरवेळी सगळं घर व्यापत नाही. सात वर्षांच्या शुक्रवारांचे तुकडे कोपऱ्याकोपऱ्यांत शिल्लक होते.

बुधवारी संध्याकाळपर्यंत जवळजवळ सगळी मापं निघाली. नावं निघाली चाळीस. नावांची यादी वेगळी, मापांची वेगळी, मधला दुवा फक्त क्रमांकाचा. आणि नावांच्या यादीवरच नवे भाडेकरू येऊन बसले होते.

"पाय सापडले," ताईंनी फोनवर सांगितलं. "माणसं नाहीत."

"पाय वाचून दाखवा," बूटवाले म्हणाले.

गुरुवारी ते मुलीसह येऊन बसले. ताईंनी त्यांना न सांगता आधी नावासकट सापडलेले चाळीस छापून काढले. नाव झाकून मुलगी एकेक कागद वाचू लागली. डावा सात मिलिमीटर आखूड, चवडा रुंद, अंगठा आत. "पोस्टातला जाड्या. पुढे." चाळिसांपैकी एकोणचाळीस बरोबर. चाळिसाव्याला ते म्हणाले, "शाळेतले सर," आणि यादीत होत्या सरांच्या बायको.

"चुकलात," ताई म्हणाल्या.

"मी नाही. ही चुकली."

मुलीनं सरांना फोन लावला. क्रमांक भरताना तीच चुकली होती. नवरा-बायको चार वर्षं एकमेकांच्या क्रमांकावर नांदत होते.

मग उरलेले सगळे. काही क्रमांकांची तीन-तीन मापं निघाली, वेगवेगळ्या शुक्रवारांची. "हे ऑपरेशनच्या आधीचं. हे काठी सुटली तेव्हाचं." एका मुलीचे पाय नऊ वर्षांपासून पंधरापर्यंत वाढलेले निघाले. बूटवाले खुर्ची पुढे ओढून बसले. मग म्हणाले, "परत वाच. सुरुवातीपासून."

"बाबा, जुनी मापं ठेवायची नाहीत ना?"

"वाच म्हटलं ना."

शुक्रवारी दुपारी एकच माप बिनमालकाचं उरलं. क्रमांक एक. दोन्ही कमानी बसलेल्या, उजवी टाच बाहेर झिजलेली.

"असले पाय माझ्याकडे कधी आलेच नाहीत," बूटवाले ठामपणे म्हणाले. "आले असते तर असं चालूच दिलं नसतं."

ताईंना राहवेना. मापापुढची तारीख त्यांनी बोटानं दाखवली. मुलीनं ती दोनदा वाचली.

"त्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नव्हतंच, बाबा. कॉम्प्युटरवाला आला होता. कसं भरायचं ते दाखवायला त्यानं तुमचेच पाय भरले होते."

तिघांनीही खाली पाहिलं. बूटवाल्यांच्या पायात रबरी चपला होत्या, उजवीची टाच कागदाइतकी उरलेली.

"सात वर्षांपूर्वीचं माप आहे," ते शेवटी म्हणाले. "आता निरुपयोगी."

मुलीनं पर्समधून टेप काढला आणि जमिनीवर बसली. दीड तास लागला. "घोट्यावर नको, घोट्याखाली," "ओढू नकोस, नुसता टेकव," असं त्यांचं वरून चालू होतं. तिच्या शेवटच्या दोन आकड्यांत त्यांना दुरुस्ती सापडली नाही.

नवं माप लिहून झाल्यावर तिनं सवयीनं जुन्याचा कागद फाडायला उचलला.

"राहू दे तो," बूटवाले म्हणाले. मग ताईंकडे वळून त्यांनी विचारलं, "पेन आहे का, बाई? त्या कराराचा कागद खिशातच घेऊन फिरतोय."