सुतकातला मंगळवार

आमच्या वाडीतली माणसं बहुतेक करून जानेवारी-फेब्रुवारीत जातात. जपानातल्या त्सुकुबा शहराच्या बाहेर, संशोधन संस्थांच्या काचेच्या इमारती मागे पडल्या, की सगळा सपाट मुलूख लागतो. भातखाचरं, नासपतीच्या बागा, मध्येच बांबूचं बेट. थंडीत ही शेतं उघडीबोडकी असतात आणि वाऱ्याला अडवायला काही नसतं. दोरीवरचे कपडे मातीनं भरतात, ते परत धुवावे लागतात. अशाच एखाद्या दिवशी सायरन न वाजवता एक गाडी वाडीत शिरते. मग आम्ही सगळे आपापल्या खिडकीतून बघतो, आज कुणाचं दार.

आम्ही इथे राहायला आलो तेव्हा मुलगी पहिलीत होती. नवऱ्याची संस्था इथून गाडीनं पंधरा मिनिटांवर. शहरातला फ्लॅट सोडून खेड्यातल्या घरात यायची हौस माझी. पुण्यात जन्मभर तिसऱ्या मजल्यावर राहिले होते, मला अंगण हवं होतं. तेव्हा वाडीतल्या अकरा घरांत दिवे लागायचे. आता चार घरांत लागतात. मुलगी टोकियोत, तोयोसुतल्या कुठल्याशा उंच इमारतीत नोकरी करते, मराठीत विचारलेल्याला जपानीत उत्तर देते, आणि तुम्ही दोघं तिथे अजून काय करताय, असं दर फोनला विचारते.

यंदा वाडीचं मंडळ बरखास्त करायचं ठरलं. चार घरांतल्या म्हाताऱ्यांनी पाटाचा गाळ काढायचा, देवळासमोरचं गवत कापायचं, हे आता कुणालाच झेपत नाही. मंडळाच्या अध्यक्षांना अठ्ठ्याऐंशी वर्षं पूर्ण झाली. ते म्हणाले, जाताजाता एक छोटी पुस्तिका काढू, आपल्यातून गेलेल्या प्रत्येकाला एकेक पान देऊ आणि त्यांच्या नातलगांना पाठवू. काम माझ्या गळ्यात पडलं.

"तुम्ही सगळ्यांत तरुण," ते म्हणाले.

मी त्रेपन्न वर्षांची आहे. पुण्यात बसमध्ये मुली मला उठून जागा देतात.

नातलगांकडून मजकूर आला तो सगळा एकाच साच्याचा. कष्टाळू होते, हसतमुख होते, सर्वांना हवेहवेसे होते. मेल्या म्हशीला मणभर दूध, ही म्हण जपानीत असती तर मी पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर छापली असती. नासपतीची बाग असलेले गृहस्थ हसतमुख? त्यांनी पहिली दोन वर्षं माझ्या नमस्काराला मान हलवली नाही. झाडावरच्या एकेका फळाला ते कागदाची पिशवी बांधायचे, उन्हाळाभर मान वर करून, आणि शेवटी मानच वर होईना. तरीही शिडीवर चढत राहिले. शिडीवरूनच पडले, आणि त्यांच्या मागोमाग दीड महिन्यात बायको गेली. ती कशानं गेली हे कुणालाच नीट सांगता आलं नाही. दुपारी भात लावला आणि जेवायला उठलीच नाही, एवढंच कळलं.

आणि ते निवृत्त मास्तर. कचरा वेगळा करण्याचा त्यांना ध्यास होता. मी आल्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी माझी कचऱ्याची पिशवी उघडली, तिच्यातून लोणच्याची काचेची बरणी काढली आणि दारात आणून ठेवली. धुऊन! मी रागानं रडले होते. पुढे त्यांची स्मृती गेली, पण कचरा राहिला. पहाटे उठून ते सगळ्यांच्या पिशव्या सोडून बसायचे, जळणारा एकीकडे, न जळणारा दुसरीकडे. आम्ही कुणी त्यांना अडवलं नाही. एका फेब्रुवारीत ते पाटात सापडले. पाणी गुडघाभरसुद्धा नव्हतं. मुलानं लिहून पाठवलंय, "वडील शिस्तप्रिय होते." मी तेच ठेवलं.

अशी सात पानं झाली. आठवं पान शेजारच्या आजींचं. तिथे माझा हात अडला.

आजी सत्त्याऐंशी वर्षांच्या होत्या. तळ्यापलीकडच्या गावातून लग्न होऊन आल्या, पासष्ट वर्षं त्याच घरात राहिल्या. नवरा गेल्यावर शेती दुसऱ्याला कसायला दिली, पण घरामागचा तुकडा सोडला नाही. मी पुण्याहून आणलेले मेथीचे दाणे त्यांनी पातीच्या कांद्याशेजारी ओळीत पेरले आणि भाजी निघाल्यावर चक्क मिसोच्या, आंबवलेल्या सोयाबीनच्या, सुपात घातली. मला शिव्या घालाव्याशा वाटल्या, पण लागली बरी. मला जपानी आलं ते निम्मं त्यांच्यामुळे. माझ्या चुका त्या हसून सांगायच्या नाहीत, गंभीर चेहऱ्यानं सांगायच्या, त्यामुळे जास्त लागायचं. तोंडानं फटकळ होत्या. माझं आणि त्यांचं म्हणूनच जमलं.

आता एका पॅडबद्दल सांगायला हवं. आपण परीक्षेला न्यायचो तसलं क्लिपचं पॅड असतं, त्याला इथे काइरानबान म्हणतात. मंडळाच्या सूचना त्याला लावायच्या, घरोघर फिरवायच्या. वाचायचं, आपल्या रकान्यात शिक्का मारायचा, तारीख घालायची आणि पुढच्या घरी द्यायचं. क्रम ठरलेला असतो. आमच्यानंतर आजी, आजींनंतर अध्यक्ष. सूचनांमध्ये राम नसतो, गवत कधी कापायचं आणि कुणाचा कुत्रा हरवला. खरी गोष्ट निराळीच. पॅड हातात द्यायचं असतं. दार सरकवून हाक मारायची, माणूस बाहेर येईपर्यंत थांबायचं. एकट्या म्हाताऱ्यांच्या वाडीत त्या पॅडचं खरं काम तेच आहे. हे कुठे लिहिलेलं नाही, पण मला आल्यापासून ठाऊक होतं.

आजी गेल्या त्या वर्षी फेब्रुवारीत पुण्याला नवऱ्याचे काका गेले. सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. "दहा दिवस सुतक आहे. कुणाच्या घरात पाऊल टाकू नकोस. तिकडे जपानात असलीस म्हणून सुतक चुकत नाही हो."

मी सोयरसुतक मानणारी बाई नव्हे. एरवी मी "हो हो" म्हणून फोन ठेवला असता. सासूबाईंनी पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकाव्यात आणि मी इथे आपल्या मनाचं करावं, हे आमचं वर्षानुवर्षं सुरळीत चाललं होतं. पण आजींच्या दारातून आत गेलं की समोरच त्यांचा देव्हारा होता, नवऱ्याच्या फोटोसमोर रोज ताजा भात. तिथे सुतकातलं जाऊ नये, असं मला वाटलं. वाटलं हे खोटं नाही.

तर मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला मी पॅड घेऊन गेले आणि दाराबाहेरच्या हुकाला अडकवलं. हाक मारली नाही. हाक मारली की त्या बाहेर येणार, आत ओढणार, चहा आणि मुळ्याचं लोणचं समोर ठेवणार. आत टीव्हीचा आवाज येत होता. टीव्ही चालू आहे म्हणजे बाई ठणठणीत आहे, असं मनाशी म्हटलं आणि परत आले.

बुधवारी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं तर पॅड हुकालाच होतं. एकदा वाटलं जावं. गेले नाही. खरं सांगायचं तर तेव्हा सुतक माझ्या पथ्यावर पडलं होतं. त्यांच्याकडे गेलं की दीड तास मोडायचा, आणि मला एका कंपनीचं भाषांतर संपवायचं होतं. त्या कुठे तरी गेल्या असतील, असं मी ठरवून टाकलं. सत्त्याऐंशी वर्षांची बाई, हाडं गोठवणारा वारा, कुठे जाणार होती? गुरुवारी मी खिडकीतून बघितलंच नाही.

शनिवारी त्यांची मुलगी टोकियोहून आली, फोन उचलत नाहीत म्हणून. पॅड तिनंच हुकावरून काढलं. आजी स्वयंपाकघरात जाणाऱ्या बोळात पडलेल्या होत्या. टीव्ही चालूच होता.

अंत्यविधीला वाडीतल्या बायकांनी नेहमीप्रमाणे दाराशी टेबल मांडलं, येणाऱ्यांची नावं लिहून घेतली. मीही त्यांच्यात होते. सगळे एकमेकांना सांगत होते, एका क्षणात गेली, त्रास झाला नाही, भाग्यवान. आजींची मुलगी साठीची आहे, बँकेत नोकरी करून निवृत्त झालेली, शांत स्वभावाची. ती वाकून सगळ्यांचे आभार मानत होती. मला म्हणाली, "आई तुमच्याबद्दल फार बोलायची." मी त्या टेबलामागे उभी राहून शिसपेन्सिलीनं रेघा मारत राहिले. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते खोटं नाही.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "अगं, तुझी लीगली काहीच रिस्पॉन्सिबिलिटी नव्हती." तो भला माणूस आहे. त्यानंतर मी हा विषय त्याच्याकडे काढला नाही.

याला तीन वर्षं झाली, आणि आता आठवं पान. मी आधी मेथीचं लिहिलं, फटकळपणाचं लिहिलं. चांगलं पान झालं होतं. दुसऱ्या दिवशी सगळं खोडलं आणि तो मंगळवार लिहिला. सुतक, हूक, टीव्ही, खिडकी, सगळं. आजींच्या मुलीला कळायला हवं होतं आणि तोंडानं सांगायची माझी छाती नव्हती. पान अध्यक्षांना नेऊन दिलं.

त्यांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढला.

"हे असं छापायचं?"

"हो."

"मुलीला प्रत जाणार आहे."

"म्हणूनच."

त्यांनी कागद खाली ठेवला. मग म्हणाले, "तुमच्यानंतर त्या, त्यांच्यानंतर मी. मंगळवारी, फार तर बुधवारी पॅड माझ्याकडे यायला हवं होतं. आलं नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं."

"मग तुम्ही चौकशी केली नाहीत?"

"मला वाटलं, तुमच्याकडे राहिलं. परदेशी बाई, कामात विसरली असेल. विचारलं तर तुम्हाला वाईट वाटेल, म्हणून नाही विचारलं."

मी संतापले. इतक्या वर्षांत एकदाही, एक दिवसही, मी पॅड उशिरा दिलेलं नव्हतं, आणि हा माणूस मला विसराळू धरून चालला होता. मी तसं बोलूनही दाखवलं. त्यांनी खाली मान घातली. पण मी कुठल्या तोंडानं रागावणार होते? त्यांनी माझं मन जपलं, मी आजींचा देव्हारा जपला, आणि मध्ये ती बाई चार दिवस बोळात पडून राहिली.

"माझंही लिहा," ते म्हणाले. "माझ्या नावानं लिहा."

लिहिलं. पुस्तिका छापून झाली, पोस्टानं सगळीकडे गेली. बाकीच्या घरांतून छापील आभाराची पत्रं आली. आजींच्या मुलीकडून काहीच आलं नाही. पंधरा दिवस मी रोज पोस्टाच्या पेटीत हात घालून बघत होते.

मग एका दुपारी तीच दारात उभी राहिली. मी तिला आत बसवलं. दोन आठवडे पाठ केलेली माफी म्हटली, चटईला कपाळ टेकेपर्यंत वाकले. ती म्हणाली, उठा, कृपा करून उठा.

"तुम्ही खरं लिहिलंत, म्हणून मीही सांगते," ती म्हणाली. "अंत्यविधीला सगळे म्हणत होते, क्षणात गेली. मी गप्प बसले. तुम्हाला सगळ्यांना पुढेही तिच्या घराशेजारी राहायचं आहे, कशाला सांगा, असं वाटलं. डॉक्टर म्हणाले, सोमवारी संध्याकाळी पडली. कमरेचं हाड मोडलं होतं, उठता आलं नाही. गेली ती बुधवारी, दुपारनंतर कधी तरी."

मंगळवारी सकाळी अकरा वाजता मी त्या दाराबाहेर उभी होते.

तिनं पुस्तिका उघडली, ते पान काढलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "टीव्ही चालू होता, असं तुम्ही लिहिलंय. आईला ऐकायला कमी यायचं, ती मोठ्यानं लावायची. त्या दिवशीही मोठाच होता ना?"

ती माझ्याकडे बघत होती. हे तिनं माझ्यासाठी विचारलं की स्वतःसाठी, ते मला अजून कळलेलं नाही.

"हो," मी म्हणाले. "खूप मोठा."

"मग तिनं हाक मारली असती तरी तुम्हाला ऐकू आली नसती," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच रडली.

मी मान हलवली. टीव्ही मोठा नव्हता. बातम्या चालू होत्या, एवढंच कळत होतं, शब्दसुद्धा नीट ऐकू येत नव्हते. हाक आली असती तर ऐकू आली असती. पण मी तिथे थांबलेच नव्हते.