कोकिळेचा औषधाचा डबा

जत्रेला निघताना घरातून औषध न्यायचं नाही, असा नागावच्या आतल्या अंगाला असलेल्या त्या भातशेतीच्या गावात दंडक होता. नारळ न्या, ओटी न्या, तांदळाच्या भाकरी न्या, सुकटीची चटणी न्या, औषध मात्र नको. औषध बरोबर घेतलं की दुखणं मागं लागतं, आणि वर देवी रागावते, की माझ्या दारी येता आणि माझ्यावरच भरवसा नाही! हा दंडक घातला कुणी, कधी, ते एकालाही सांगता यायचं नाही. पण तो मोडायची छाती कुणाची झाली नव्हती. झाली ती कोकिळेची. आणि तिनं तो एकदा नव्हे, दरसाल मोडला, अख्ख्या गावासमोर मोडला.

आता कोकिळा काही आईच्या पोटातून भांडत आली नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा मान वर करून बोलत नसे. सासरे आधीच गेलेले, घराचा कारभार सासूच्या, मनुबाईच्या हातात, नवरा शिवदास मुंबईत गिरणीत. तो सणाला नि जत्रेला यायचा, आईच्या शब्दाला मान डोलवायचा आणि परत जायचा. सगळं बिनबोभाट चाललं होतं.

मग सव्वीस सालच्या जत्रेत तिचा रघू देवळालगतच्या समुद्रावर खेळताना खडकावर चढला. त्या खडकांना कालवं चिकटलेली असतात आणि त्यांच्या शिंपांना विळीची धार असते. पोराचा तळवा चरकन चिरला. मनुबाईनं रीतीप्रमाणे देवळापुढची माती आणि बैलाचं ताजं शेण कालवून जखमेत भरलं आणि वर फडकं बांधलं. रक्त थांबलं. सगळे म्हणाले, देवी पावली. रघू पिपाणी वाजवत, लंगडत घरी आला. आठवडाभरानं त्याची दातखीळ बसली, अंग ताठलं, आणि पोर गेलं. तेच सगळे म्हणाले, देवीनं नेला.

"पावली तीबी देवी, नेला तोबी देवीनंच," कोकिळा एकदा चुलीपाशी बोलली. "मग आपन काय केलं?"

मनुबाईनं भाकरी तव्यावर इतकी जोरात आपटली की भाकरीचे दोन तुकडे झाले.

कोकिळा पांढऱ्या कांद्याच्या माळा घेऊन अलिबागच्या बाजारला जायची. बाजाराच्या अंगाला दवाखाना होता. कांदे संपले की ती दवाखान्याच्या ओट्यावर जाऊन बसायची. कंपाउंडर कुणाचं बोट धुवायचा, कुणाचा गुडघा बांधायचा, ही टक लावून बघायची. त्यानं दोनदा हाकललं, तिसऱ्यांदा विचारलं, "काय गं, रोज रोज काय बघतेस?" तिनं रघूचं सांगितलं. तो हातातलं काम थांबवून म्हणाला, "शेण-मातीतूनच धनुर्वात होतो, बाई. जखम आधी उकळलेल्या पाण्यानं धुवायची. माती तर आत जाऊच द्यायची नाही." कोकिळा घरापर्यंत रडत आली, आणि दुसऱ्या दिवसापासून रडायची थांबली.

शिवदासनं मुंबईहून आणलेल्या बिस्किटांचा पत्र्याचा डबा रिकामा झाला होता. मनुबाई त्यात मिरच्या भरणार होती, कोकिळेनं तो उचलला. जुनं मऊ लुगडं फाडून तिनं पट्ट्या केल्या, उकळल्या, कडक उन्हात वाळवल्या आणि स्वच्छ फडक्यात गुंडाळल्या. कंपाउंडरकडून जखमेला लावायच्या टिंक्चरची बाटली मागून आणली. काटा काढायला चिमटा आला, पोटात दुखलं तर ओवा आला, ऊन लागलं तर कोकमाचं आगळ आलं. निघायच्या दिवशी पहाटे पाणी उकळायचं, गार करायचं आणि धुतलेल्या बाटलीत भरून बूच लावायचं. हे सगळं ती परसात नाही, ओटीवर बसून करायची. लपवायला तिनं काय चोरी केली होती?

पहिल्या वर्षी बैलगाडी जुंपली, ती डबा घेऊन चढली, आणि मनुबाई म्हणाली, "तो डबा उतरव, न्हायतर तू उतर."

"मी उतरते," कोकिळा म्हणाली.

आणि उतरली की! डबा डोक्यावर, पाण्याची बाटली काखेत, गाडीमागची धूळ खात चालत जत्रेला गेली. शिवदास गाडीतून मागं वळून बघायचा आणि आईनं डोळे वटारले की पुढं बघायचा. मोठा शूर! वाटेत बायका पदर तोंडाला लावून हसल्या, "दवाखाना चालला बघा दवाखाना." कोकिळा म्हणाली, "चालला. कुनाला काय दुखतंय का?"

दुसऱ्या वर्षी तेच, तिसऱ्या वर्षीही तेच. एक गंमत सांगते. हेच हसणारे लोक, शेतात काटा मोडला, विळा लागला, की दिवेलागणीला हळूच मागच्या दारी यायचे. ती त्यांना पुढच्या दारानं यायला लावायची. पण जत्रेच्या दिवशी कुणी डब्याला शिवत नसे, आणि मनुबाई तर त्याच्याकडे बघतसुद्धा नसे.

एकतीस साल उजाडलं तेव्हा घरात पोर होतं ते एकच, धाकट्या जावेचं, जनीचं, नाव कान्हा. सहा वर्षांचं, वाऱ्यासारखं. कोकिळेचा जीव त्याच्यावर, आणि भीतीही त्याचीच.

जत्रेत दुपारी ओहोटी लागली आणि कान्हा पळाला. कोकिळा देवीची ओटी भरत होती, तेवढ्यात किंकाळी ऐकू आली. खडकावर कान्हा बसलेला, टाच उघडलेली, रक्त पाण्यात मिसळत होतं. जनी ऊर बडवत होती. कोकिळेनं पोराला उचलून कोरड्या वाळूवर आणलं, डबा उघडला आणि वर बघते तर समोर मनुबाई. दोन्ही हात शेण-मातीनं भरलेले.

"बाजूला हो," मनुबाई म्हणाली.

"हात लावायचा न्हाय त्याला."

माणसं जमली. मनुबाई ओरडली, "ह्या डब्यानंच बोलावलं हे! इतकी वरसं डोक्यावर मिरवलास, आज आलं ना पोरावर!"

"रघूच्या वक्ती डबा न्हवता, आत्याबाई. तवा कुनी बोलावलं?"

शिवदास पुढं आला, "कोकिळे, अगं आई हाय ती."

"तुमी गप ऱ्हावा. तवाबी गपच हुतात."

मनुबाईचा चेहरा काळवंडला. "म्हंजी मी मारला माझ्या नातवाला? बोल ना, समद्यांम्होरं बोल!"

हेच ते होतं. इतकी वर्षं घरात हेच अडून बसलं होतं. डबा खरा म्हणायचा तर शेण खोटं ठरत होतं, आणि ते शेण भरणारे हात मनुबाईचे होते. कोकिळेला ते कळत होतं, म्हणून तर ती आजवर फक्त चालली होती, बोलली नव्हती. आज बोलली.

"तुमी भरलंत आनि मी पाय धरला. तो सोड सोड म्हनून वरडत हुता, मी सोडला न्हाय. तुमाला ठावं न्हवतं, मलाबी ठावं न्हवतं. आता मला ठावं हाय. ठावं असून पुन्यांदा करू देनार न्हाय. घरातनं काढा, ह्यांना दुसरी बायको करून द्या, देवीचा कोप व्हायचा तो माझ्यावर होऊ द्या. ह्या पायात माती जायची न्हाय!"

कान्हा हुंदके देत होता. मनुबाई खाली वाकली. अगदी हळू, फक्त सुनेला ऐकू जाईल असं तिनं विचारलं, "वाचला असता का गं?"

न्हाय म्हणणं सोपं होतं. म्हातारीला झोप लागली असती. पण कोकिळेला खोटं बोलवेना.

"ठावं न्हाय, आत्याबाई. वाचलाबी असता."

मनुबाईनं हातातलं सगळं वाळूत टाकून दिलं. गुडघे टेकून ती पोरापाशी बसली आणि शेणानं माखलेले हात सुनेपुढं धरले.

"आदी माझं हात धू," ती म्हणाली. "पाय मी धरते. एकटीला आवरायचा न्हाय तो तुला."